सर्वांत जवळचा आकडा

आनंद ही आयत्या वेळी मिळणारी वस्तू नव्हे, तिचं आगाऊ आरक्षण करावं लागतं, हे सत्य मानवजातीला फार उशिरा उमगलं. आपल्या पूर्वजांचा समज असा होता, की माणूस आधी कुठंतरी जातो आणि मग तिथं त्याला आनंद होतो किंवा होत नाही. या ढिसाळ पद्धतीमुळे किती पिढ्यांचा आनंद वाया गेला, याची नोंद कुणीही ठेवलेली नाही. आता तसं राहिलं नाही. आनंद कुठं होणार, तो होत असताना अंगात कोणते कपडे असणार आणि फोटो कोण काढणार, हे सगळं आधी ठरतं. एवढं करूनही तो झाला नाही, तर चूक आपली असते.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, पाणीपुरवठा खात्यात नियोजन अधिकारी आहे. शहराच्या कोणत्या भागाला कधी पाणी सोडायचं याचं वेळापत्रक तो आखतो. त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, पण वेळापत्रकाबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. ज्या आल्या त्या पाण्याबद्दल होत्या, आणि पाणी हा निराळा विभाग आहे. असा माणूस घरात असताना सहल नुसती निघणं शक्यच नव्हतं. ती राबवली जाणार होती.

निमित्त झालं चिमटीचं. चिमटी ही दादाची सहा वर्षांची मुलगी (हे नाव तिला आकारावरून मिळालं, सवयीवरून पक्कं झालं). टीव्हीवर तिनं 'आनंदनगरी'ची जाहिरात पाहिली. तीत गबदू नावाचं एक माणसाएवढं अस्वल सगळ्या मुलांना मिठी मारत होतं. चिमटी म्हणाली, "मला हा पाहिजे." पुढं आठवडाभर ती तेवढंच म्हणत राहिली. शेवटी वहिनी म्हणाल्या, की एकदा जाऊन येऊ. वहिनी दातांच्या डॉक्टर आहेत. समोरच्यानं उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षा नसते, त्यामुळे त्यांचं म्हणणं घरात सहसा मंजूर होतं.

आनंदनगरी म्हणजे नकली डोंगर, नकली नदी, खरे पाळणे आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक हॉटेल. या हॉटेलात राहायचं असतं. बाहेर कुठं राहून दिवसा नगरी बघायला येणारेही लोक आहेत, पण माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख 'केवळ पाहुणे' असा केलेला आहे आणि तो वाचून दादाला त्यांची कीव आली. त्याच माहितीपत्रकानुसार, हॉटेलात राहून गेलेल्या कुटुंबांपैकी ब्याण्णव टक्के कुटुंबं 'एकमेकांच्या अधिक जवळ' आली. (खोल्यांचं क्षेत्रफळ पाहता उरलेल्या आठ टक्क्यांनी ते कसं टाळलं, हे समजत नाही.)

खोल्यांचे प्रकार तीन. पहिला 'उद्यानदर्शन', म्हणजे खिडकीतून पाळणे दिसतात. दुसरा 'अंशतः उद्यानदर्शन', म्हणजे खिडकीतून वाकून पाहिल्यास पाळण्यातल्या लोकांचे पाय दिसतात. तिसरा 'उद्यानश्रवण'. यात खिडकी धोबीघराकडे उघडते, पण किंकाळ्या स्पष्ट ऐकू येतात. दादानं बराच विचार करून दुसरा प्रकार निवडला. पहिला निवडला तर बाहेर जायची गरजच उरत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

आईला न्यायचं, यावर घरात पहिल्यापासून एकमत होतं. तीन पिढ्यांनी एकत्र जाण्याला काही अर्थ असतो, असं दादा म्हणाला. वहिनींनीही मान डोलावली. शिवाय आपण पाळण्यात बसल्यावर पिशव्या कुणाजवळ ठेवायच्या, हा प्रश्न होताच. आई म्हणाली, "मी घरीच थांबते की, तुम्ही जाऊन या." तिचा हा मुद्दा नोंदवून घेण्यात आला. तीन पिढ्या आणि चार पिशव्या, असा तो हिशेब होता.

आणि इथं अडचण आली. आनंदनगरीच्या संगणकाच्या मते कुटुंब म्हणजे दोन प्रौढ आणि दोन मुलं. दादानं तीन प्रौढ आणि एक मूल असं भरलं तेव्हा पडद्यावर एक रडवेलं अस्वल आलं आणि खाली अक्षरं उमटली, 'अशा कुटुंबासाठी सध्या आनंद उपलब्ध नाही.' दादानं तारीख बदलली. आनंद तरीही उपलब्ध नव्हता. मग त्यानं खोलीचा प्रकार बदलला, तर अस्वल आणखी रडलं.

दादानं मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून आधी बराच वेळ बासरी वाजली, मग एक गोड बाई बोलायला आली. दादानं तिला परिस्थिती समजावून सांगितली. ती म्हणाली, की चौथी व्यक्ती मूल म्हणून भरा, लगेच होईल. दादा म्हणाला, की ती व्यक्ती माझी आई आहे.

"हरकत नाही सर," बाई म्हणाली. "वय काय आईंचं?"

"एकाहत्तर."

"मुलांच्या वयाच्या यादीत बारापर्यंतच आकडे आहेत. सर्वांत जवळचा आकडा निवडा."

दादा खात्यातला माणूस आहे. यंत्रणेत तरतूद नसेल तर माणसात दुरुस्ती करावी लागते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं सर्वांत जवळचा आकडा निवडला. पडद्यावरचं अस्वल नाचू लागलं.

आई स्वयंपाकघरात होती. तिला सांगितलं, तर तिनं हात पुसत थोडा विचार केला आणि म्हणाली, "बारा चालेल. गुडघे चांगले होते तेव्हा."

माझीही सोय झाली. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो, लग्न केलेलं नाही आणि दोन गल्ल्या सोडून राहतो. रांगेत जागा धरायला एक माणूस लागतो, म्हणून मला बरोबर घेतलं होतं. 'एकटा प्रौढ' या सदरात मला उद्यानश्रवणाची खोली मिळाली. त्याआधी संगणकानं मला विचारलं, की मुलांशिवाय येण्याचं कारण काय. मी 'भाऊ' असं लिहिलं. संगणकाला ते पटलं नसावं, कारण पुढं मुक्कामभर एक पहारेकरी अधूनमधून माझ्याकडे बघून हसत असे.

आरक्षण झालं आणि खऱ्या नियोजनाला सुरुवात झाली. कोणत्या पाळण्यापासून सुरुवात करायची, कोणत्या दारानं आत शिरलं तर रांग लहान असते, ऊन कुठल्या बाजूला येतं, चिमटीला लघवीला कधी लागते, या सगळ्याचा दादानं अभ्यास केला. आनंदनगरीला जाऊन आलेल्या लोकांनी इंटरनेटवर जे जे लिहिलं होतं ते त्यानं वाचून काढलं. हे लोक एकमेकांशी ज्या गांभीर्यानं बोलतात ते पाहून आदर वाटतो. गबदूबरोबरच्या न्याहारीला कोणत्या टेबलावर बसलं असता मिठी लवकर मिळते, यावर दोन गृहस्थांचं इतकं वाजलं होतं, की दोघांनीही पुन्हा कधी आनंदनगरीला न जाण्याची शपथ घेतली होती.

निघण्यापूर्वी दादानं रंगीत तालीम घेतली. न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात आम्ही पाचही जण रांगेत उभे राहिलो. दादाच्या हातात घड्याळ होतं. त्याचं म्हणणं होतं, की रांगेत उभं राहणं हे कौशल्य आहे आणि बहुतेक कुटुंबांची सहल तिथंच बिघडते. चिमटीनं पुढच्याला ढकलायचं नाही, वहिनींनी 'अजून किती' असं विचारायचं नाही, मी मागच्यांशी गप्पा मारायच्या नाहीत. आईला काही सूचना नव्हत्या. दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश जिन्यावरून जाताना थबकले, रांगेकडे बघितलं आणि घाईघाईनं खाली गेले. पाच मिनिटांत ते दोन बादल्या घेऊन आले आणि आईच्या मागं उभे राहिले. दादा ज्या इमारतीत राहतो तिथं रांगेचा दुसरा अर्थ कुणाला माहीत नाही.

आम्ही ठरल्या दिवशी, ठरल्या गाडीनं, ठरल्याप्रमाणे उकडत पोहोचलो.

हॉटेलच्या दारावर किल्ल्यासारखे बुरूज होते आणि आत वातानुकूलित गारवा. स्वागतकक्षातला तरुण फारच अदबशीर होता. त्यानं आमच्या मनगटांवर पट्टे बांधले. प्रौढांना निळा, मुलांना केशरी. दादाला निळा, वहिनींना निळा, चिमटीला केशरी. मग त्यानं पडद्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. पण तो तरुण चांगल्या संस्थेत तयार झालेला होता. डोळे आणि संगणक यांच्यात मतभेद झाले, तर डोळे तपासून घ्यावेत असं तिथं शिकवतात. त्यानं आईच्या मनगटावर केशरी पट्टा बांधला, तिच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवला आणि रंगीत खडूंची डबी देऊन म्हणाला, "आनंदनगरीत तुझं स्वागत असो, छोट्या मैत्रिणी."

आई म्हणाली, "थँक्यू हं." तिनं मुकुट जरा मागं सरकवला, म्हणजे चष्म्याला लागणार नाही, आणि दिवसभरात तो एकदाच काढला.

केशरी पट्ट्याचे फायदे हळूहळू लक्षात येऊ लागले. पट्टा दाखवला की कोणत्याही गाडीवर आइस्क्रीम फुकट मिळत होतं. हे आईनं शोधून काढलं, चिमटीला सांगितलं आणि दुपारपर्यंत दोघींनी मिळून उद्यानाच्या पूर्व भागातल्या सगळ्या गाड्यांची पाहणी पूर्ण केली. वहिनी आधी चिमटीला दातांबद्दल बोलल्या. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि कुणाला बोलावं या विचारात पडल्या. आईच्या हातात तेव्हा गुलाबी आइस्क्रीम होतं.

बाकी सगळं दादाच्या वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. असं त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत असल्यानं तो जरा घाबरल्यासारखा दिसत होता. गबदूची मिठी ठरल्या वेळी झाली. (मिठीत असताना चिमटीनं गबदूला चिमटा काढला, तेव्हा गबदू माणसाच्या आवाजात ओरडला. तेवढं सोडलं तर कार्यक्रम नीट पार पडला.) नकली नदीतून नौकाविहार झाला. दादा सारखा फोनमध्ये पुढचा कार्यक्रम बघत असल्यामुळे त्याला नदी दिसली नाही, पण फोटोत ती आली आहे. मी प्रत्येक ठिकाणी आधी पळत जाऊन रांगेत जागा धरत होतो आणि आमची माणसं आली की बाजूला होत होतो. आई प्रत्येक ठिकाणी बाकावर बसून पिशव्या सांभाळत होती.

मोठ्या आकाशपाळण्याशी आम्ही आलो, तेव्हा तिथं उंची मोजायची लाकडी पट्टी होती. मूल या रेघेपेक्षा उंच असेल, तरच आत. चिमटी रेघेच्या बरीच खाली राहिली. ती रडायच्या बेतात होती. तेवढ्यात आई उठून आली, पट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि मुकुट काढून डोक्यावर हात ठेवला. हात रेघेच्या वर होता.

"मी बसते ह्यात," आई म्हणाली.

पाळण्यावरच्या माणसानं तिचा पट्टा बघितला आणि म्हणाला, की मूल बसू शकतं, बरोबर एक प्रौढ हवा. सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं फोनकडे पाहिलं. पुढं आरसेमहाल होता, त्यानंतर पोपटांचा खेळ, आणि संध्याकाळच्या आतषबाजीसाठी तळ्याकाठची जागा त्यानं राखून ठेवली होती, तिथं वेळेत पोहोचलं नाही तर ती दुसऱ्याला जाते.

"नंतर, आई," तो म्हणाला. "आणि पिशव्या?"

"हो, ते आहेच," आई म्हणाली आणि बाकाकडे परत गेली.

इथं कुणाच्या मनात दादाबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, की 'नंतर' हा नकार नव्हे. नियोजनशास्त्रात 'नंतर' हा एक निश्चित काळ आहे, आणि आमच्या घरातली आईची बरीच कामं त्या काळासाठी आधीपासूनच राखून ठेवलेली आहेत.

आरसेमहालातून आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावर पिशव्या नव्हत्या. आईही नव्हती. हे माझ्या लक्षात आलं त्या क्रमानं सांगितलं.

दादानं आधी आजूबाजूचे बाक बघितले. मग आईचा फोन लावला. तो आमच्याच एका पिशवीत वाजत असणार, पण पिशवी कुठं वाजत होती ते कळेना. वहिनी आइस्क्रीमच्या गाड्यांकडे धावल्या. मी प्रसाधनगृहाशी जाऊन हाका मारल्या. दादाचा चेहरा हळूहळू उतरला. पोपटांचा खेळ सुरू झाल्याचं त्यानं ऐकलंसुद्धा नाही. मी त्याला तसा लहानपणापासून पाहत आलोय, पण पुढं काय करायचं हे माहीत नसलेला दादा मला नवीन होता. तो नुसताच उभा होता आणि आजूबाजूनं अख्खी आनंदनगरी वाहत होती.

तेवढ्यात झाडांत दडवलेल्या भोंग्यांतून संगीत थांबलं आणि घोषणा झाली. एक बारा वर्षांची मुलगी हरवलेल्या मुलांच्या कक्षात सुखरूप आहे. केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, उजव्या गुडघ्याला पट्टा. पालकांनी ओळख पटवून घेऊन जावे.

झालं होतं ते अगदी नियमाला धरून होतं. केशरी पट्ट्याची कोणतीही व्यक्ती प्रौढाशिवाय आढळली, तर तिला कक्षात आणायचं, असा पहारेकऱ्यांना आदेश आहे. एका पहारेकऱ्याला आई बाकावर एकटी दिसली. त्यानं तिला विचारलं, की तुझ्याबरोबर कुणी मोठं माणूस नाही का. आई म्हणाली, "आहेत, पण कामात आहेत." मग कक्षात पंखा आणि पाठ टेकायची खुर्ची आहे असं कळल्यावर ती आपणहून निघाली. पिशव्या त्या पहारेकऱ्यानं उचलल्या. तेवढंही आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

कक्ष म्हणजे भिंतींवर ढग रंगवलेली एक खोली होती. दाराशी आडवं टेबल, त्यामागं पिवळा ॲप्रन घातलेली एक बाई. आत बुटक्या टेबलाभोवती तीन हरवलेली मुलं आणि आई असा भिकार-सावकारचा डाव रंगला होता. आईपुढं पत्त्यांचा ढीग होता आणि एक मुलगा रडकुंडीला आला होता. आईनं आमच्याकडे पाहिलं, हात वर करून 'थांबा' अशी खूण केली आणि पान टाकलं.

दादा सरळ आत निघाला. पिवळ्या ॲप्रननं हात आडवा केला.

"ओळख पटवावी लागेल."

"अहो, आई आहे ती माझी."

"सगळे असंच सांगतात," बाई म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे, असंच नाही, पण असंच काहीतरी. मूल कुणाच्याही हवाली करता येत नाही. आम्ही मुलाला तीन गोष्टी आधीच विचारून ठेवतो. घरच्या माणसाला त्या ठाऊक असतातच. लगेच होईल."

दादा म्हणाला, विचारा. वेळेचं काम असलं की तो नेहमीच सहकार्य करतो.

बाईनं विचारलं, "तिला रंग कोणता आवडतो?"

दादानं मान वळवून आईच्या अंगावरच्या कपड्यांकडे बघितलं. ते राखी होते. "तसं तिचं काही नसतं," तो म्हणाला. "तिला कुठलाही चालतो."

"जांभळा," बाई म्हणाली. "गर्द. फिका नाही, असंही म्हणाली ती. बरं, कशाची भीती वाटते?"

हे दादाला येत होतं. "आई कशालाच घाबरत नाही," तो ठामपणे म्हणाला.

"कुत्र्यांना," बाई म्हणाली.

आमच्या घरी गेली सात-आठ वर्षं कुत्रा आहे. दांडगा आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायला आई नेते, कारण दादाला वेळ नसतो, वहिनींचा दवाखाना असतो आणि मी दोन गल्ल्या सोडून राहतो. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या ढगांकडे पाहिलं. मी तिथं केवळ निरीक्षक म्हणून होतो.

"तिसरं," बाई आता जरा संशयानं बोलू लागली होती. "मोठेपणी तिला काय व्हायचंय?"

चिमटी म्हणाली, "आजी मोठीच आहे." पण तिच्याही आवाजात पूर्वीचा ठामपणा नव्हता.

बाईनं उत्तर सांगितलं नाही. तीनही चुकल्यावर ते सांगायचं नसतं, नाहीतर पुढच्या खेपेला माणसं पाठ करून येतात. ती म्हणाली, की लहान मुलांचे आईबाप सहसा तीनपैकी तीन आणतात, कधी एखादं चुकतं. शून्य तिनं अजून पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे नियमात काय म्हटलंय ते तिला बघावं लागेल. तोपर्यंत मूल इथंच राहील. मग तिनं शेवटचा उपाय म्हणून मागं वळून हाक मारली, "बाळा, हे तुझ्या ओळखीचे आहेत का गं?"

आईनं पत्ते खाली ठेवले आणि चष्मा पुसला. दादाकडे तिनं निवांतपणे, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बघितल्यासारखा वाटतो," ती म्हणाली. "पण तो नेहमी घाईत असतो. उभा राहिलेला कधी पाहिला नाही."

शेवटी वहिनी पुढं झाल्या. त्या म्हणाल्या, रंगाचं मला माहीत नाही, भीतीचंही माहीत नाही. पण खालच्या डाव्या बाजूची शेवटून दुसरी दाढ मी स्वतः भरलेली आहे, वरचा उजवा सुळा किंचित आत वळलेला आहे आणि पुढच्या दाताचा टवका उडालाय तो लहानपणी सायकलवरून पडून. बाईनं आईला तोंड उघडायला सांगितलं. आईनं 'आ' केला. हातातल्या विजेरीच्या उजेडात बाईनं एकेक बाब पडताळून पाहिली. सगळं जुळलं. दातांवरून ओळख पटवण्याची पद्धत सहसा निराळ्या प्रसंगी वापरतात, पण नियमात ती कुठं नाकारलेली नव्हती.

बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सगळी माणसं तळ्याकडे निघाली होती आणि दादानं राखून ठेवलेली जागा एव्हाना दुसऱ्याला गेली होती. दादानं फोन बाहेर काढला, त्याकडे पाहिलं आणि खिशात टाकला. मग तो आईपुढं उभा राहिला. खात्यात असे प्रसंग येत नाहीत.

"आई, आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

आईनं आकाशपाळण्याकडे बोट केलं.

आतषबाजीमुळे पाळण्यापाशी चिटपाखरू नव्हतं. रांगच नसल्यामुळे माझी गरज पडली नाही. पाळण्यावरच्या माणसानं आईचा केशरी पट्टा बघितला आणि दादाचा निळा. दादाला उंचीची भीती वाटते. पाण्याच्या टाक्यांची पाहणीसुद्धा तो खालूनच करतो. हे आईला माहीत होतं, म्हणून बसताना तिनं त्याला आतल्या बाजूला घेतलं आणि त्याचा हात धरला. पाळणा वर गेला, तिथं क्षणभर थांबला आणि सुटला. खाली उभं राहून आम्हाला एकच किंकाळी ऐकू आली, आणि ती बारा वर्षांच्या मुलीची नव्हती.

खाली आल्यावर आई म्हणाली, "अजून एकदा." दादा उतरला नाही. पुढच्या खेपेला वहिनीही गेल्या. चिमटी आणि मी बाकावर बसलो. पिशव्या माझ्याजवळ होत्या. माझ्या मनगटावर निळा पट्टा असल्यामुळे मला कुणीही उचलून नेलं नाही.

आनंदनगरीच्या पुढच्या माहितीपत्रकात 'अधिक जवळ' आलेल्या कुटुंबांच्या टक्केवारीत आमचा समावेश आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

हा सगळा प्रकार अतिशयोक्त आहे, असं ज्या वाचकांना वाटत असेल, त्यांचं बरोबर असण्याचा संभव आहे. त्यांच्या घरी असं होणार नाही. तरीही एक औपचारिकता म्हणून विचारतो. तुमच्या आईला रंग कोणता आवडतो? 'कुठलाही चालतो' हे उत्तर चूक धरलं जाईल. तिला भीती कशाची वाटते? आणि तिला मोठेपणी काय व्हायचं होतं? सावकाश आठवा, घाई नाही. फोन करून विचारायला नियमाची हरकत नाही, पण तो फोन 'सहजच केला' असं सांगू नका. पलीकडची बाई तुम्हाला ओळखते, आणि तुम्हाला ओळखायला तिला तुमचे दात बघावे लागत नाहीत.